आबांचे पुसट हात

आबा — थांबव, थांबव. इथंच. आता सांग पोरी, हे काय शे?

पलक — तुमचे हात आहेत, आबा.

आबा — हे हात? ताकात बुडवलेला फडका दिसतोय. बोटं कुठं गेली माझी?

पलक — आहेत ना. पुढच्या चित्रात येतात. तुम्ही मध्येच थांबवून बघताय म्हणून तसं वाटतं. कार्टूनची फिल्म अशी थांबवून बघायची नसते.

आबा — मी कशाला थांबवू? प्रेमराजनं काल ग्रुपवर टाकली. बटण दाबायच्या आधी मोबाइलवर एक चित्र दिसतं ना, ते नेमकं हेच. बठ्ठ्या गावानं पहिल्यांदा हेच पाहिलं. आणि प्रेमराजनं खाली लिहिलं, ‘पितांबर आबांचे हात असे काय दिसताहेत?’ पुढं ते पिवळं, हसणारं तोंड.

पलक — गंमत केली असेल. सप्त्याचे अध्यक्ष आहेत, त्यांनीच तर हे काम मला दिलं. यंदा मांडवात मोठा पडदा लावायचा, पहिल्या कीर्तनाआधी आपल्या सप्त्याची छोटी फिल्म दाखवायची. सात दिवस वीणा खाली टेकवत नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, तो पहारा दाखवायचा. सगळं त्यांचंच डोकं.

आबा — डोकं त्याचं, हात माझे. तुझं कार्टून बरं जमलंय, नाही म्हणत नाही मी. मिशी जरा जास्त पांढरी केलीस. पोट तर माझं नाहीच, ते प्रेमराजचं माझ्यावर चिकटवलंस. पण हात? हात असे नकोत.

पलक — आधी पाणी घ्या. धुळ्याहून एवढ्या उन्हात आलात. फोन केला असता तर मी समजावून सांगितलं असतं.

आबा — फोनवर नको होतं. घरात सूनबाई असते. तिला सांगितलं, जळगावला सुरेशचंद शेठकडे कपाशीचं बियाणं आलं का बघून येतो.

पलक — चैत्रात? दादाजींकडे बियाणं यायला अजून अवकाश आहे.

आबा — ते तिलाही माहीत शे. म्हणून तर काही बोलली नाही. स्टँडवर आपल्या गावच्या चिंधाची गाडी लागलेली होती, ती पण सोडली. कंडक्टर माणूस, तिकीट फाडता फाडता विचारणार, आबा, कुठं? मागच्या गाडीनं आलो. ती पारोळ्याच्या पुढं बंद पडली.

पलक — म्हणजे कोणाला कळू न देता आलात, तेही या दोन हातांसाठी?

आबा — तू हात नीट करून दे. मग मी चाललो.

पलक — आबा, पण ते बिघडलेले नाहीतच. हे बघा. एका सेकंदाला पंचवीस चित्रं लागतात. एकेक चित्र टिपताना कॅमेऱ्याचा डोळा जरा वेळ उघडा राहतो. तेवढ्या वेळात हात जेवढा सरकला तेवढा पुसट उमटतो. खऱ्या कॅमेऱ्यात हे आपोआप होतं. कॉम्प्युटरला मात्र सांगावं लागतं. त्याला शटर म्हणतात.

आबा — शटर. दुकानाचं असतं तसं?

पलक — तसंच समजा.

आबा — तुझ्या आजोबांचं दुकान आमच्या गावात होतं तेव्हा शटर नव्हतं, फळ्या होत्या. शेठ एकेक फळी काढायचे आणि आम्ही बाहेर उभे. तुझी आजी कुसुमलताबाई आतून अहिराणीत ओरडायची. आमच्यापेक्षा चांगली बोलायची.

पलक — अजूनही रागावली की अहिराणीच. तर ते शटर किती वेळ उघडं ठेवायचं, हा एक आकडा. आणि कधी उघडायचं, हा दुसरा. दुसराच घोळाचा आहे.

आबा — मला पहिलाच कळला नाही आणि तू दुसऱ्यावर गेलीस. एका चित्रात वेळ कसा मावेल? चित्र म्हणजे चित्र. वेळ जात असतो, चित्र बसलेलं असतं.

पलक — थोडासाच वेळ मावतो. डोळ्याची पापणी लवायच्याही आतला.

आबा — बरं. मावला. पुढं?

पलक — समजा, हे चित्र दहा वाजताचं आहे.

आबा — माझा पहारा पहाटेचा.

पलक — समजा म्हणतेय ना. दहाचं चित्र म्हणजे काय करायचं? दहाला शटर वर करायचं आणि थोड्या वेळानं पाडायचं? की दहाच्या जरा आधी उघडायचं आणि दहानंतर जरा वेळानं पाडायचं, म्हणजे दहा बरोबर मधोमध? की आधीच उघडून ठोक्याला पाडायचं? सुरुवात, मधोमध, शेवट. तीनच पर्याय आहेत, पण डोकं फिरतं.

आबा — दुकान दहाचं असेल तर दहाला उघडावं.

पलक — मलाही तसंच वाटलं. पहिल्या फाइलमध्ये तसंच केलं. मग एका सरांचा व्हिडिओ पाहिला, ते म्हणतात मधोमध ठेवा. दुसरे म्हणतात, काही फरक पडत नाही. तिसरे म्हणतात फरक पडतो, काय पडतो ते पुढच्या व्हिडिओत सांगतो. आणि पुढचा व्हिडिओ पैसे भरल्यावर.

आबा — असे आमच्याकडेही निघालेत हल्ली. अभंग एक घेतात, निरूपण दुसऱ्याचंच करतात, आणि शेवटी आपला मोबाइल नंबर सांगतात. मग तू काय केलंस?

पलक — गोंधळले. मधोमध केलं आणि दुसरी फाइल पाठवली. बरोबर केलं का, ते अजून माहीत नाही.

आबा — तुला माहीत नाही, मला माहीत नाही. मग त्या शटरचं कामच काय? काढून टाक ना ते. दुकान उघडंही नको, बंदही नको. बोटं स्वच्छ दिसू दे.

पलक — पूर्ण बंद? बरं. एवढ्या तुकड्यापुरतं करून दाखवते. बसा तोवर, कूलरकडे तोंड करू नका, तो कॉम्प्युटरसाठी लावलाय. माणसांना पंखा.

आबा — चहात आलं घातलंस?

पलक — नाही हो, आम्ही जैन ना, जमिनीखालचं आमच्याकडे चालत नाही.

आबा — बरं केलंस. माळ घातल्यापासून कांदा-लसूण आम्हीपण सोडला. बाकी आल्याला आमच्या देवाची हरकत नसते.

पलक — झालं. हे बघा थांबलेलं चित्र. मोजा बोटं.

आबा — हां! आता कसं! नखंसुद्धा दिसताहेत. पोरी, हे आधीच करायचं सोडून मला सुरुवात-मधोमध सांगत बसलीस. चालव आता.

पलक — चालवते.

आबा — अरे, हे काय?

पलक — आबा? काय झालं? धक्के बसताहेत ना? पुसटपणा काढला की हात एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उड्या मारतो. म्हणूनच तो ठेवावा लागतो, नाहीतर…

आबा — बंद कर.

पलक — काय?

आबा — बंद कर ते, माय. हे तर आणखीच उघडं पडलं. हे तर हुबेहूब माझे हात.

पलक — तुमचेच आहेत ना?

आबा — पहाटेचे.

पलक — म्हणजे?

आबा — म्हणजे हेच. कप धरलाय ना आत्ता, तो दोन्ही हातांनी का धरलाय? तू पोरगी, तुला वाटलं असेल म्हातारा चहाचा भुकेला. थरथरतात. डॉक्टर म्हणतो कंपवात, गोळ्या घ्या. घेतो. दिवसा जरा बरं असतं. पहाटे ऐकत नाहीत.

पलक — घरी माहीत आहे?

आबा — सूनबाईला असेल. ती काही बोलत नाही, ताट तेवढं जवळ सरकवते. गावात कोणाला नाही. म्हणून तर पहाटेचा पहारा मी मागून घेतला. तेव्हा मांडवात असतं कोण? देव, मी आणि एक कुत्रं. उजवा हात तारेवर असतो, तो तसाही हलतोच. कोणाला काय कळतंय?

पलक — आणि कळलं तर काय होईल?

आबा — अभिमन नानाचं काय झालं? गुडघे धरायला लागले, तर कमिटीनं शाल दिली, नारळ दिला, टाळ्या वाजवल्या आणि पहारा काढून घेतला. पहिल्या रांगेत खुर्ची दिली. बिचारा खुर्चीवर बसून टाळी वाजवतो, आणि टाळी वाजवताना नजर वीणेवर. मला शाल नको, पोरी. खुर्ची तर नकोच नको.

पलक — पण कीर्तन तर खुर्चीवरूनही ऐकता येईल ना, आबा? आमच्याकडे प्रवचनाला मोठी माणसं खुर्चीवरच बसतात.

आबा — ऐकता येतं. पण ते समोरून ऐकणं झालं. रात्री महाराजांचं कीर्तन होतं, टाळ, पखवाज, सगळा मांडव दणाणतो. तेव्हा ती वीणा महाराजांच्या बाजूला उभी असते, बठ्ठं तिच्यात भरतं. पहाटे माझ्या छातीला लागते तेव्हा रात्रीचं कीर्तन त्या लाकडात अजून संपलेलं नसतं. बारीक बारीक चालू असतं. तेवढं मी ऐकतो. तेवढंच माझं शे. आणि आता तुझ्या फिल्ममध्ये हे हात पडद्यावर एवढाले दिसतील, प्रेमराज बघेल, म्हणेल, ज्याचे हात हलतात त्याच्या हाती वीणा नको, पडली म्हणजे? आणि तो चूक बोलतोय असंही मला म्हणता येणार नाही.

पलक — आबा, एक मिनिट. मला काही कळेनासं झालंय. फिल्ममधली ही थरथर तुमची नाही.

आबा — माझी नाही तर कोणाची? तुझ्या आजोबांची?

पलक — तुमची मी काढून टाकली होती.

आबा — काय काढून टाकली?

पलक — गेल्या सप्त्यात मी पहाटे येऊन मोबाइलवर तुमचा पहारा टिपला होता ना? त्यावरूनच या कार्टूनच्या हातांना हालचाल दिली. त्यात हात हलत होते. मला वाटलं माझाच मोबाइल हललाय, अर्धवट झोपेत होते मी. म्हणून सगळी थरथर पुसली आणि हालचाल सरळ केली.

आबा — म्हणजे तू पाहिली होतीस.

पलक — पाहिली, पण समजली नाही. मोबाइल हलला असता तर मागचा खांबही हलला असता. तो तर जागच्या जागी होता. एवढंसं माझ्या लक्षात आलं नाही.

आबा — बरं, पुसलीस. मग इथं परत आली कुठून?

पलक — तेच तर कळत नाहीये! पुसटपणा बंद केला तर धक्के बसणार, ते ठीक. पण प्रेमराजभाऊंनी टाकली त्या फिल्ममध्ये पुसटपणा चालू आहे, हालचाल सरळ आहे, तरी हात लटपटतात. मी आत्तापर्यंत तुमची समजूत घालत होते, पण तुमचं खरं आहे. लटपटतात.

आबा — पुसलेलं परत येतं म्हणजे पोरी, मला हे बरं लक्षण दिसत नाही.

पलक — चमत्कार वगैरे काही नाही हो. शाहबाजला विचारते. माझ्याबरोबर शिकायला होता. एवढी चित्रं तयार करायची तर माझा कॉम्प्युटर दम टाकतो, म्हणून ती त्याच्याकडे होतात. तीन मोठी मशीन आहेत त्याच्याकडे, धुळ्याला.

आबा — धुळ्याला? मी धुळ्यावरूनच आलो ना इथं!

पलक — तुम्ही विचारलंच कुठं? लागला फोन. स्पीकरवर टाकते.

आबा — त्याला माझं काही सांगू नको.

पलक — नाही सांगत. हॅलो, शाहबाज?

शाहबाज — बोल पलक. लाइट आत्ता आली बघ. लग्नाचे चार व्हिडिओ अडकलेत, नवरदेवाचा मामा डोक्यावर बसलाय. लवकर बोल.

पलक — वीणेच्या सीनमध्ये आबांचे हात थरथरतात.

शाहबाज — हां, म्हातारे आहेत ना ते? मला वाटलं तूच मुद्दाम टाकलंस. कसम से, काय जमलंय! आमचे दादा, म्हणजे आजोबा, चहाचा कप अगदी अस्सेच धरतात.

पलक — शाहबाज, आबा इथंच बसलेत.

शाहबाज — या अल्ला. सलाम, आबा. मी आपलं कलेच्या नजरेनं बोललो.

आबा — सलाम, बेटा. दादांना बरं शे का?

शाहबाज — बरे आहेत. कप अर्धाच भरतो आम्ही. मग सांडत नाही आणि त्यांना वाईटही वाटत नाही.

आबा — हां. चांगलं करता.

पलक — शाहबाज, मी ती थरथर टाकलेली नाही. माझ्या फाइलमध्ये हात सरळ जातात. तुझ्याकडून येताना काय झालं ते सांग.

शाहबाज — माझ्याकडे जशी आली तशी मी रांधली. मीठ पण माझं नाही. मागचा खांब हलतो का?

पलक — नाही. खांब नाही, समई नाही, तुळशीची कुंडी नाही. जे जागेवर आहे ते जागेवर. हात तेवढे हलतात.

शाहबाज — म्हणजे जे चालतं तेच लटपटतं. मग शटरच असणार. शटर सगळ्या चित्रांना एकच आहे ना?

पलक — एकच. दुसऱ्या फाइलमध्ये मी मधोमध केलं होतं. तुला म्हटलं होतं, पहिली काढ आणि दुसरी टाक.

शाहबाज — टाकली ना. दोघांवर टाकली.

पलक — दोघांवर? मशीन तीन आहेत.

शाहबाज — तिसऱ्यावर तेव्हा हळद चालू होती. नवरीच्या मावश्या नाचत होत्या, मध्येच कशी थांबवू? हळद संपली आणि मी त्यालाही तुमच्या वीणेला जुंपलं. तेव्हा त्याच्यावर… थांब हां. थांब, बघू दे. अरे बाप रे.

पलक — जुनी?

शाहबाज — जुनी. जे मशीन रिकामं होईल ते पुढचं चित्र उचलतं. त्यामुळे दोन चित्रं नव्या फाइलची, मध्येच एक जुनीचं. कधी एक आड एक पण.

आबा — मला कोणी सांगेल का, काय झालं?

पलक — आबा, दहा वाजताचं दुकान आठवतं? दोन मशीनवर दहा मधोमध होते. तिसऱ्यानं मात्र दहाला शटर उघडलं. त्यामुळे त्याच्या चित्रात तोच हात थोडा पुढं सरकलेला आला. पुढच्या चित्रात परत मागं. पुढं, मागं, पुढं, मागं.

आबा — म्हणजे टाळकऱ्यांच्या रांगेत एकाचा टाळ किंचित पुढं.

पलक — अगदी तसंच!

आबा — मग सगळा मांडव डळमळतो. असा एक शे आमच्यात, प्रेमराजचा मेव्हणा. त्याला कोणी काही म्हणत नाही. पण मग पोरी, माझा कंप फिल्ममध्ये नव्हताच?

पलक — नव्हता.

आबा — अजिबात नाही?

पलक — ती मशीनची थरथर होती. तुमची एवढीसुद्धा नव्हती.

आबा — आणि मी पारोळ्याच्या पुढं भर उन्हात बस ढकलून इथं आलो, आणि माझ्या तोंडानं तुला सांगून बसलो. वा रे पितांबर.

शाहबाज — आबा, मी काही ऐकलं नाही हां. माझ्याकडे लाइट गेली होती.

आबा — गेली होती का? बरं झालं, बेटा. अशीच जात जावो.

शाहबाज — आता मला एक सांगा, म्हणजे मी मोकळा. तिन्हींवर एकच फाइल टाकतो. शटर कोणतं ठेवू? सुरुवात, मधोमध की शेवट? प्रेमराजभाऊंना संध्याकाळी फिल्म हवी, आणि इथं मामा उठायला तयार नाही.

पलक — थांब. फोन ठेवू नकोस. मूळ व्हिडिओ लावून बघते. खरा कॅमेरा काय करतो ते बघू, मग ठरवू. आबा, इकडं सरका. हा तुमचा गेल्या वर्षीचा पहारा.

(मोबाइलवरचा व्हिडिओ लागतो. लांबवर कोंबडा, काकड्याची घंटा, आणि वीणेच्या तारेचा बारीक, थांबता न थांबणारा किणकिणाट.)

आबा — हाऊ चिंधा. आला बघ खाकी कपड्यातच. पहिल्या गाडीची ड्यूटी करायच्या आधी पहारा घेतो. यालाच गेल्या वर्षी मी मांडवात बोललो होतो.

पलक — कशाबद्दल?

आबा — वीणा घ्यायची एक रीत असते. घेणाऱ्यानं आधी वीणेला नमस्कार करायचा. मग दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. ‘रामकृष्ण हरी’ म्हणायचं. त्यानंतर हात. आणि हा गडी आला की पहिल्यांदा हात लावतो. नमस्कार मागून. रोज म्हणजे रोज. म्हटलं, चिंध्या, ही काय सुटणारी बस शे का? जागा धरतोस?

पलक — काय म्हणाले?

आबा — काही नाही. हसला. दुसऱ्या दिवशी परत आधी हात.

पलक — आबा, जरा मागं घेते. मला काहीतरी दिसलं. आता एकेक चित्र पुढं नेते. इथं तुमचे हात हलताहेत. इथंही. तार किणकिणतेय ऐकलीत ना मघाशी, ती त्यामुळेच. इथं चिंधाभाऊ जवळ आले. इथं त्यांचा हात वीणेच्या भोपळ्याखाली गेला. तुम्ही तर अजून त्यांच्याकडे पाहिलेलंही नाही. आणि आता…

आबा — आता काय?

पलक — तुमचे हात बघा.

आबा — …थांबले.

पलक — आवाजही थांबला. नमस्काराच्या आधीच.

आबा — परत लाव.

पलक — हे बघा. इथपर्यंत हलतात. इथं त्यांचा हात आला.

आबा — परत.

शाहबाज — मी फोनवर आहे हां. मला काही दिसत नाहीये. कोणाचे हात थांबले?

आबा — दुसऱ्या दिवसाचंही टिपलंय का?

पलक — एवढंच आहे. पण तुम्हीच म्हणालात ना, रोज आधी हात लावतात?

आबा — रोज. रोज लावायचा. आणि मी त्याला रीत शिकवत होतो. म्हणजे पोरी, हा मांडवात एकटा माणूस, ज्याला माझे हात कळले होते… आणि वर हसला. बघ कसा हसतोय तो.

पलक — हो. आत्ताही हसताहेत.

आबा — माझा फोन कुठं ठेवला मी? हां. लावून दे त्याला, माझं बोट नेमकं बसत नाही. ‘चिंधा कंडक्टर’ लिहिलेलं शे. … चिंधा? हाऊ मी, पितांबर. कोठे शे? … एरंडोल? तिकिटं फाडी ले आधी, मी थांबस. … हां, ऐक. औंदा मना पहाराले तू लवकर ये. … नही रे, बदलाकरता नही. मी उभा ऱ्हायनू का तव्हयच ये, आन बाजूले उभा ऱ्हाय. … नही रे भो, रागावत नही. तू हात आगोदर लावस ना? तसाच लाव. … हां. तसाच. जाय आते, बेल मार, लोके खोळंबनात.

पलक — काय म्हणाले?

आबा — म्हणाला, बरं. बाकी काही नाही. पोरी, ती तू पुसलीस ती थरथर, माझी. ती कायमची गेली का?

पलक — नाही. नुसती झाकलीय. मूळ हालचाल खाली तशीच आहे. एक बटण दाबलं की परत येते.

आबा — मग दाब. चिंधाचा हात येईपर्यंत हलू दे माझे हात. तो आला की थांबू दे. जसं झालं तसं.

पलक — आबा, पडद्यावर एवढाले दिसतील. सगळं गाव बघेल. प्रेमराजभाऊ बघतील.

आबा — बघू दे. वीणा पडेल असं वाटलं त्याला, तर खाली कोणाचा हात शे तेही दिसेल. आणि शाल द्यायची झाली तर आता दोघांना द्यावी लागेल. चिंधा काही शाल पांघरून खुर्चीवर बसणार नाही. त्याला पहिल्या गाडीची ड्यूटी असते.

पलक — नक्की ना? आत्ताच म्हणत होतात, खुर्ची नकोच नको.

आबा — ती अजूनही नकोच शे. भीतीही वाटते. पण दाब तू.

पलक — दाबलं. शाहबाज, नवी फाइल पाठवते. यात आबांचे हात थरथरतात, ते तसेच ठेवायचे.

शाहबाज — एक मिनिट, एक मिनिट. मघाशी तक्रार काय होती? हात थरथरतात. मी तिन्ही मशीन थांबवली, मामाला बाहेर काढलं. आता थरथर परत टाकायची?

पलक — ती वेगळी होती, ही वेगळी.

शाहबाज — थरथरीतपण वेगळी?

पलक — मशीनची काढायची. आबांची ठेवायची.

शाहबाज — मला काही समजत नाहीये, पण करतो. मात्र शटरचं काय ते आता एकदाचं बोला. सुरुवात, मधोमध, शेवट?

पलक — खरं सांगू? मला अजूनही पक्कं कळलेलं नाही. आबा, तुम्हीच सांगा.

आबा — मी? मला विचारतेस?

पलक — हात तुमचे आहेत.

आबा — बेटा, ऐकतोस ना? मधोमध ठेव. शटर जरा आधी उघड. चिंधा आधीच आलेला असतो.